साठ दिवसांची 'ग्रेस'

आमच्या वर्गात एक मुलगा होता. दहावीला गणितात तीन मार्कांनी लटकला आणि बोर्डाने 'ग्रेस' देऊन त्याला वर ओढला. झालं! पुढची दोन वर्षं त्याचं नावच पडलं 'ग्रेस'. 'ए ग्रेस, बॅटिंगला ये!' 'ग्रेसला एक कटिंग दे रे!' आम्ही सगळे हसायचो. सगळ्यात जास्त मी हसायचो, कारण मला ८९ टक्के होते आणि ते सगळेच्या सगळे माझे होते.

तेव्हा एक गोष्ट डोक्यात आलीच नाही. दर रविवारी उपासना संपताना पाळकसाहेब हात वर करून जी 'कृपा' आमच्या सोबत देऊन आम्हाला घरी पाठवायचे, ती म्हणजे इंग्रजीत हीच 'ग्रेस'. म्हणजे एकच शब्द. रविवारी त्याला 'आमेन' आणि सोमवारी त्याच्यावर हशा!

घाबरू नका, प्रवचन देत नाहीये. या पानावर आपण ईएमआय, अप्रेझल, पीजीची मालकीण असल्या गंभीर विषयांवरच बोलतो आणि आजचा विषयही तसा व्हिसाचाच आहे. फक्त वाटेत चर्च लागतं. मी नगरचा मराठी ख्रिस्ती (नगर आता कागदोपत्री अहिल्यानगर झालंय, पण जीभ ऐकत नाही). आडनाव गावरान आणि नाव बायबलमधलं, त्यामुळे पुण्यात अजूनही हमखास प्रश्न येतो, 'म्हणजे तुम्ही गोव्याचे का?' नाही हो. आम्ही नेवासा तालुक्यातले. नाताळात आमच्याकडे केकच्या आधी करंज्या आणि चकल्या होतात.

तर... २०१९ मध्ये कंपनीने मला कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डला पाठवलं. न्यूयॉर्क आणि बॉस्टनच्या मधलं, विमा कंपन्यांनी भरलेलं शहर. 'इन्शुरन्सची राजधानी' म्हणतात त्याला. संध्याकाळी सहानंतर डाउनटाउनमध्ये चिटपाखरू दिसत नाही, पण आयटीवाले देशी भरपूर. दोन वर्षांनी मी तिथल्याच एका कंपनीत उडी मारली. पगार सॉलिड वाढला. नगरला फोन करून सांगितलं तेव्हा पप्पा म्हणाले, 'देवाची कृपा.' मी मनात म्हटलं, देवाची कसली, तीन राउंड इंटरव्ह्यू मी दिलेत!

जानेवारी २०२३ मात्र वाईट निघाला. १८ तारखेला मायक्रोसॉफ्टने दहा हजार माणसं काढणार असं सांगितलं, २० तारखेला गुगलच्या अल्फाबेटने बारा हजार. आमच्या कंपनीची बातमी कुठल्या पेपरात आली नाही, एवढी ती मोठी नव्हती. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, एचआरची बाई, आणि स्क्रीनवर एक पीडीएफ. माझा शेवटचा दिवस ३१ जानेवारी.

एच-वन-बी व्हिसावर असताना नोकरी गेली की जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात नव्या कंपनीने तुमच्यासाठी अर्ज करायचा, नाहीतर तुम्ही दुसऱ्या एखाद्या व्हिसासाठी अर्ज करायचा, नाहीतर बॅग भरायची. या साठ दिवसांचं नाव काय माहितीये? 'ग्रेस पिरियड'! मी कॅलेंडरवर मोजले. साठावा दिवस येत होता १ एप्रिलला.

हसू नका. म्हणजे हसलात तरी चालेल, आता मीही हसतो.

पहिले पंधरा दिवस मी एकदम प्रोफेशनल वागलो. रोज दहा अर्ज, लिंक्डइनवर गोड गोड मेसेजेस, संध्याकाळी जिम. घरी काहीही सांगितलं नाही. व्हिडिओ कॉलला मागे ऑफिसचा नकली बॅकग्राउंड लावायचो. ताई विचारायची, 'काय रे, रात्री आठला अजून ऑफिसात?' मी म्हणायचो, 'रिलीज आहे ना!' खोटं बोलायला लाज वाटत नव्हती. लाज वाटत होती ती नोकरी गेल्याची. बाजारातल्या मंदीने गेली होती, माझ्या कामामुळे नाही, हे डोक्याला पटत होतं. पोटाला पटत नव्हतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला न्यू इंग्लंडमध्ये थंडीची एक भयानक लाट आली, दोनच दिवस. नेमकी त्याच वेळी माझी गाडी बंद पडली. रविवार उजाडला तेव्हा थंडी उतरली होती, घरात बसून भिंती अंगावर येत होत्या, म्हणून चालत जवळच्या चर्चमध्ये गेलो. चार वर्षांत नाताळ-ईस्टर सोडून फारसा गेलो नव्हतो. पांढरंशुभ्र लाकडी चर्च, साध्या काचेच्या खिडक्या, आत एकही मूर्ती नाही. प्रभुभोजनाला पावाचे छोटे चौकोनी तुकडे आणि चिमुकल्या पेल्यात द्राक्षाचा रस. सेम टू सेम नगर! फक्त बाहेर चपलांच्या ऐवजी बुटांचे चिखलाने माखलेले ढीग नव्हते, कारण ते लोक बूट घालूनच आत बसतात.

उपासनेनंतर कॉफी असते. तिथे एका आजींनी विचारलं, 'कसा आहेस?' तिथे या प्रश्नाचं उत्तर 'मस्त' एवढंच असतं, खरं कोणी सांगत नाही. मी सांगितलं. का कोण जाणे. कदाचित माझं नाव तिने बरोबर उच्चारलं म्हणून असेल.

ही आजी म्हणजे निवृत्त स्कूल बस ड्रायव्हर. सत्तरी ओलांडलेली, आवाज असा की मागच्या सीटवरचा मुलगाही सरळ बसावा. दुसऱ्याच दिवशी माझ्या दारात चिकन कॅसरोल हजर. तिसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ, गाडीची बॅटरी बदलायला. त्या आठवड्यात इंटरव्ह्यूला कोणीतरी बॉस्टनपर्यंत सोडलं, दोन तास जायला आणि दोन तास यायला. फेब्रुवारीअखेर माझं भाड्याचं अग्रीमेंट संपत होतं. महिन्याभरासाठी कोण घर देणार? आजी म्हणाली, 'माझी वरची खोली रिकामी आहे. जिना करकरतो, तेवढं सांभाळ.'

आता खरी गोष्ट सांगतो. या सगळ्याने मला बरं वाटायला हवं होतं ना? मला जाम टेन्शन आलं! मी लॅपटॉपवर एक एक्सेल शीट उघडली. चार कॉलम: कोणी, काय, अंदाजे किती डॉलर, परतफेड कधी. कॅसरोल – १५. बॅटरी आणि मजुरी – १९०. बॉस्टन जाऊन-येऊन पेट्रोल आणि टोल – ६०. वरची खोली, एक महिना – इथे बाजारभाव टाकला, ७००. फॉर्म्युला लावून खाली टोटल. रोज रात्री झोपण्याआधी ती टोटल बघायचो. ती वाढली की झोप उडायची.

हे वेड माझ्यात कुठून आलं ते मला पक्कं ठाऊक आहे. नगरला सहावीत असताना मधल्या सुट्टीत भांडण झालं आणि एक पोरगा म्हणाला, 'तुझे पणजोबा भाकरीसाठी बाटले.' घरी येऊन पप्पांना विचारलं. पप्पा शिक्षक. कुठलीच गोष्ट ते गोल करून सांगत नाहीत. म्हणाले, 'पणजोबा गावकुसाबाहेरचे. १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनच्या शाळेत आले. भाकरी मिळाली हे खरं. पाटी मिळाली हेही खरं. आणि गावात त्यांना विहिरीवर पाणी भरू देत नव्हते हेसुद्धा खरं. त्या पोराला तिन्ही सांग.' मी त्यातलं एकच ऐकलं: भाकरी मिळाली. त्या दिवसापासून ठरवलं, आयुष्यात कोणाचं काही फुकट घ्यायचं नाही. ते ८९ टक्के त्यातून आले होते, हार्टफर्डही त्यातूनच आलं होतं. आणि आता पणजोबांचा पणतू चर्चच्या माणसांनी दिलेला कॅसरोल खात होता.

एका शनिवारी आजी मला फार्मिंग्टनला घेऊन गेली. हार्टफर्डपासून पंधरा-सोळा किलोमीटर. जुनी घरं, जुनी झाडं, पोस्टकार्डसारखं गाव. 'तुला जुन्या गोष्टी आवडतात ना?' म्हणाली. मला त्या गावाचं नाव ओळखीचं वाटत होतं, म्हणून फोनवर शोधलं आणि गाडीतच थंड पडलो. ज्या अमेरिकन बोर्डाने मुंबईला पहिले मिशनरी पाठवले, त्या बोर्डाची पहिली सभा ५ सप्टेंबर १८१० रोजी भरली ती याच फार्मिंग्टनमध्ये! तिथून १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नकोच होते, परत पाठवायला निघालं होतं. तरी ते राहिले. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं. १८४२ मध्ये नगरला 'ज्ञानोदय' निघालं, ज्यात पुढे रेव्हरंड टिळक लिहायचे. आणि त्याच मिशनच्या कुठल्यातरी शाळेत माझ्या पणजोबांच्या हातात पाटी आली.

म्हणजे एक्सेलची पहिली ओळ १८१० ची होती. त्या ओळीत डॉलर किती टाकायचे?

मिशनरी म्हणजे सगळे देवमाणूस होते, असं मी म्हणत नाही. आपलंच शहाणपण खरं, हा त्यांचा तोरा आमच्या घरातल्या जुन्या गोष्टींतही दिसतो. पण घेणाऱ्याने मान खाली घालावी असा काही नियम नाही, हे मला पंडिता रमाबाईंकडून कळलं. मार्चमध्ये अर्ज करून करून कंटाळलो की रात्री मी त्यांच्याविषयी वाचत बसायचो. बाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तिथेच बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्याच धर्मगुरूंशी, ज्यांनी आसरा दिला त्या सिस्टर्सशी धर्मावरून बिनधास्त वाद घातले. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला फिलाडेल्फियात गेल्या आणि अमेरिकेत फिरत राहिल्या. बॉस्टनला त्यांच्या कामासाठी अमेरिकन लोकांनी संस्था काढली, त्या पैशांवर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उभं राहिलं. आणि त्याच वर्षी बाईंनी अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं. त्यात तिथल्या बायकांच्या शिक्षणाचं, संघटनांचं भरभरून कौतुक आहे. पण काळ्या लोकांना आणि तिथल्या मूळ रहिवाशांना कसं वागवलं जातं, तेही सोडलेलं नाही. ज्यांच्याकडून घेतलं त्यांचे उपकार मानले आणि त्यांना खरंही सुनावलं! परदेशातून परत आलेली आपली माणसं एकतर 'तिकडे कसं सगळं टकाटक' म्हणून डोकं खातात, नाहीतर 'तिकडे माणुसकी नाही हो' म्हणतात. रमाबाईंना १३५ वर्षांपूर्वी दोन्ही एकदम जमलं होतं.

शेवटच्या आठवड्यात मी आजीला ती शीट दाखवली. म्हटलं, नोकरी लागली की पहिले तुझे सातशे. तिने चष्मा लावून अख्खी यादी वाचली. मला वाटलं, तिला बरं वाटेल. तिचा चेहरा पडला. म्हणाली, 'मी तुला खोली भाड्याने दिली नव्हती.' एवढंच. आणि भांडी घासायला गेली. मी पुसायला गेलो तर फडकं दिलं नाही. त्या संध्याकाळी जिना जास्तच करकरला.

संडे स्कूलमध्ये आम्हाला द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट शिकवायचे. मालक सकाळी नाक्यावरून मजूर आणतो, दुपारी आणखी आणतो, संध्याकाळी पाचला जे अजून तिथेच उभे असतात त्यांनाही आणतो. आणि दिवस संपल्यावर सगळ्यांना सारखीच, अख्ख्या दिवसाची मजुरी देतो. सकाळवाले भडकतात. मीही भडकायचो! बेल कर्व्ह वगैरे काही आहे की नाही? कुठल्याही एचआरला दाखवा ही पॉलिसी, त्याच दिवशी राजीनाम्यांचा ढीग लागेल. तीस वर्षं मी ती गोष्ट सकाळच्या मजुराच्या जागेवरून ऐकली होती. मार्च २०२३ मध्ये पहिल्यांदा लक्षात आलं की पाच वाजता नाक्यावर उभा असलेला माणूस आळशी नसतो. त्याला मालक विचारतो, 'इथे का उभा आहेस?' आणि तो सांगतो, 'कोणी कामाला लावलं नाही.' बस. नऊ इंटरव्ह्यू दिले होते मी. कोणी कामाला लावलं नाही.

३० मार्चला विमानात बसलो. दोन दिवस ग्रेस शिल्लक ठेवून!

मुंबईहून टॅक्सीने नगरला पोचलो. न सांगता आलो होतो, सरप्राइज द्यायला. सरप्राइज मलाच मिळालं. दार ताईने उघडलं आणि मागे पप्पा, वॉकर धरून.

फेब्रुवारीत बाथरूममध्ये पडले होते. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होते. मी इकडे ऑफिसचा नकली बॅकग्राउंड लावून बोलत होतो, तेव्हा ताई तिकडे फोन असा धरायची की पप्पांचा फक्त चेहरा दिसेल. एकदा मागे हिरवा पडदा दिसला होता. मी विचारलं, पडदे बदलले का? ती म्हणाली, 'हो, सेल होता.' ताई शाळेत शिकवते, सासर नगरमध्येच, मुलगी नववीत. दिवसा शाळा, संध्याकाळी घर, रात्री हॉस्पिटल. मला का सांगितलं नाही, तर म्हणे, 'तू निघून आला असतास आणि तुझी नोकरी गेली असती.'

माझी नोकरी! मी सगळं सांगितलं. आधी ती गप्प झाली, मग रडली, मग अशी काही चिडली की पप्पांनी वॉकर आपटला. आजीबद्दल, कॅसरोलबद्दल, बॅटरीवाल्या आजोबांबद्दल सांगत होतो तेव्हा मध्येच म्हणाली, 'तिकडे दिवसातून पन्नास वेळा थँक्यू म्हणत असशील ना? दार धरलं थँक्यू, कॉफी दिली थँक्यू. आम्हाला चार वर्षांत एकदा म्हणालास?' खरं होतं. आपल्याकडे घरात आभार मानत नाहीत, 'परकं करतोस का' म्हणतात. या सोयीच्या नियमाचा सगळ्यात जास्त फायदा मुलगे घेतात, असं माझं आता मत झालंय.

रात्री मी तिला एक्सेल दाखवलं. का दाखवलं कोण जाणे, बहुतेक माझी बाजू मांडायला. तिने मोबाइलवर वर-खाली सरकवत सगळ्या ओळी वाचल्या आणि विचारलं, 'यात मी कुठे आहे?'

मी गप्प.

'लिही,' ती म्हणाली. 'ऑपरेशन, एक लाख ऐंशी हजार. पिंकीच्या एफडीतले आहेत, अकरावीच्या अ‍ॅडमिशनला लागतील. तेवढे परत दे.' मी ओळ टाइप केली. मग म्हटलं, 'आणि अकरा रात्री?'

'त्या नाही लिहायच्या,' ताई म्हणाली आणि दिवा बंद करून झोपायला गेली.

एक लाख ऐंशी हजार मी त्याच आठवड्यात दिले, गाडी विकून आलेले होते. तिने मोजून घेतले. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. मे महिन्यात मला खराडीत नोकरी लागली, पगार हार्टफर्डच्या मानाने विचारू नका. आजीला मी पैसे पाठवले नाहीत. एक पत्र पाठवलं, कागदावर पेनने. त्यात पणजोबांची गोष्ट लिहिली, तिन्ही भाग. भाकरी, पाटी आणि विहीर. तिचं उत्तर आलं त्यात जिना दुरुस्त केल्याची बातमी होती.

नोव्हेंबरमध्ये नगरला आमच्या चर्चचा कापणीचा सण होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एकदा पाहाच. उपकारस्तुतीची उपासना असते, लोक घरचं, शेतातलं पहिलं पीक आणून वेदीपुढे ठेवतात. बाजरीची कणसं, मेथीच्या जुड्या, पपया, अंडी, पाय बांधलेली एखादी कोंबडी, जी नेमकी प्रार्थनेच्या वेळी ओरडते. उपासना संपली की अंगणात त्याचा लिलाव. बाजारात पाच रुपयांना मिळणारं लिंबू पाचशेला जातं, घेणारा ते तिथेच परत देतो आणि त्याच लिंबाचा पुन्हा लिलाव होतो. अर्थशास्त्राच्या एमबीएला भोवळ येईल!

आमच्या घरून पप्पांनी शेवग्याच्या शेंगा आणल्या होत्या. परसातलं एकच झाड, आईने लावलेलं. पप्पा काठीवर आले होते, वॉकर सुटला होता. शेंगा पुकारल्या तसा मी ओरडलो, 'शंभर!' मागून आवाज आला, 'दोनशे!' वळून पाहिलं तर ताई. मी म्हटलं, 'अगं, आपल्याच शेंगा आहेत!' ती म्हणाली, 'तीनशे!' स्वतःच्याच बोलीवर बोली! लोक खोखो हसायला लागले. मीही इरेला पेटलो. पाचशे, सातशे, हजार... अकराशेला तिने मला हरवलं आणि विजयी मुद्रेने पर्स उघडली.

संध्याकाळी त्याच शेंगांची आमटी झाली. सगळे जेवायला बसलो. पप्पांनी ताटातली एक शेंग उचलून निरखून पाहिली, मनात गणित केलं आणि जाहीर केलं, 'वीस शेंगा होत्या. एक शेंग पंचावन्न रुपयांना पडली.'

मग चोखून पाहिली आणि म्हणाले, 'मीठ कमी आहे.'